हॉट रॉडला इंजिन: बोटीचं की जनसेटचं?

भोसरीतला मित्र हॉट रॉड बांधतोय, म्हणजे जुन्या गाडीत दुसरं दमदार इंजिन बसवतोय. बोटीचं मर्क्रूझर ३.० इंजिन घ्यावं की जनसेटचं, म्हणजे वीज बनवणाऱ्या जनरेटरचं, चार सिलिंडर डिझेल, यावर गाडी अडलीय.

खर्चात जनसेट पुढे. जनसेटची इंजिनं बनवणारी किर्लोस्कर आपल्या पुण्याचीच. स्पेअर आणि हात लावणारा मेकॅनिक, दोन्ही जवळ. मर्क्रूझरचा सुटा भाग बहुतेक मागवावाच लागतो.

खरी मेख कामात आहे. बोटीचं इंजिन बाहेरच्या पाण्यावर थंड होतं, एक्झॉस्टमध्येही पाणी खेळतं. म्हणजे रेडिएटर, पंखा, धूर बाहेर नेणारा कोरडा मॅनिफोल्ड, सगळं नव्याने. खारं पाणी प्यालेलं असेल तर ब्लॉकच्या पाणीवाटा आतून उघडून बघा. बाहेरचा रंग नेहमीच झकास असतो! पण मूळ जनरल मोटर्सचं, १८१ घन इंच पेट्रोल. त्यामुळे त्याच कंपनीच्या शेवरलेचा गिअरबॉक्स जुळवणं सोपं.

जनसेटला रेडिएटर असतो, पण इंजिनाचा वेग धरून ठेवणारा गव्हर्नर त्याला १५०० आरपीएमवर बांधून ठेवतो. फ्लायव्हील जड, गिअरबॉक्स जोडायची अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवर करून घ्यावी लागणार. टिकाऊपणात मात्र तोड नाही.

आरटीओची परवानगी दोन्हीला लागते, तिथे आधी चौकशी करा.

पिकअप हवा, खिसा सैल असेल तर मर्क्रूझर. प्रदर्शनात धडधडत फिरवायची असेल, तर जनसेट.