एमपॉक्सच्या रुग्णाच्या घरात ‘हायपो’ कितपत कामाचं?

दवाखान्यात ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, घरी एमपॉक्सचा (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) रुग्ण असेल तर जरूर आणावं, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नये. हा आजार मुख्यतः पुरळाला झालेल्या थेट स्पर्शातून, लैंगिक संबंधातून आणि रुग्णाच्या तोंडासमोर अगदी जवळ बसण्यातून पसरतो. ती वाट कुठलीही बाटली अडवत नाही. त्यासाठी वेगळी खोली, मास्क आणि झाकलेले फोड हवेत. हायपो दुसरी वाट अडवतं. फोडांतला स्राव आणि गळलेल्या खपल्या जिथे पडतात, त्या जागा ते निर्जंतुक करतं. कोरड्या खपलीत विषाणू बरेच दिवस टिकतो, त्यामुळे हेही काम मोठं आहे.

बाटलीवर टक्केवारी छापलेली नसेल तर ती घेऊच नका. फरशी, नळ, संडास यांसाठी 0.1 टक्के द्रावण लागतं. 5 टक्क्यांचं हायपो असेल तर 20 मिलीत 980 मिली पाणी. 4 टक्क्यांचं असेल तर 25 मिलीत 975. पाणी गारच घ्या. द्रावण रोज ताजं करा, कारण उजेडात आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात त्याचा जोर उतरतो.

सर्वांत जास्त चूक होते ती मळक्या जागेवर थेट हायपो ओतण्यात. मळ आणि स्रावच क्लोरीन खाऊन टाकतात, विषाणूसाठी काही उरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग हायपो लावून जागा 10 मिनिटं ओली राहू द्या, शेवटी साध्या पाण्याने पुसा. नाहीतर कड्या-कोयंडे गंजतात. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. रबरी हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. फोडांवर किंवा अंगावर हायपो लावायचं नाही. हातांना साबण किंवा अल्कोहोलचं सॅनिटायझर पुरेसं आहे.

कपड्यांच्या बाबतीत मात्र हायपो तोकडं पडतं. रंग उडतो, लोकर आणि रेशीम खराब होतं. त्यापेक्षा 60 अंशांच्या वर तापवलेलं पाणी आणि धुण्याची पावडर बरी. चादर किंवा गोधडी धुण्याआधी झटकायची आपली सवय इथे घातक, खपल्यांची धूळ खोलीभर उडते. कपडे जागच्या जागी गुंडाळून थेट बादलीत टाका. कोरडा झाडूही नको, ओलं फडकं फिरवा. गादी धुता येत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच तिच्यावर प्लास्टिकचं आवरण घाला.

सगळ्या खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे साधारण 2 ते 4 आठवडे, हे रोज करावं लागतं. दिवसाला 2 लिटर द्रावण धरलं तर 5 टक्क्यांचं हायपो 4 आठवड्यांत 1,120 मिली लागेल. 5 लिटरचा कॅन स्वस्त पडला तरी घेऊ नका. अर्ध्या लिटरच्या बाटल्या लागतील तशा आणा, उत्पादनाची तारीख पाहून.