डिझेल इंजिन पळालं तर: इंधन तोडायचं की हवा?

सातपूर-अंबडच्या कारखान्यासाठी किंवा पिंपळगावच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी जनरेटर घेताना सेफ्टीचं विचारलं, की ‘स्टॉप सोलेनॉइड आहे ना’ असं उत्तर मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. डिझेल इंजिन ‘पळणं’ किंवा ‘रेस होणं’ म्हणजे ताबा सुटून त्याचा वेग वाढतच जाणं, आणि तेव्हा ते थांबवायचं कसं हा खरा प्रश्न.

सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा खटका, तो फक्त डिझेल बंद करतो. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) अडकून आरपीएम वाढले तर तेवढं पुरतं, आणि हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण टर्बोचं (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याचं) सील गळून इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागलं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, ऑइलची वाफ आत गेली किंवा भोवतालच्या हवेतच ज्वलनशील गॅस असला, तर चावी काढून खिशात घातली तरी इंजिन रेस होतच राहतं. डिझेल इंजिनाचा वेग हवेवर नाही, इंधनावर ठरतो, आणि इथे इंधन दुसरीकडूनच येत असतं. २००५ साली अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत १५ माणसं गेली. तिथे ज्वलनशील वाफेच्या ढगात उभ्या असलेल्या, असंच रेस झालेल्या डिझेल पिकअपमुळे आग लागली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता.

म्हणून हवा तोडणारा व्हॉल्व्ह. केबल ओढून बंद होणारा साधा प्रकार स्वस्त, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पण ओढायला माणूस जागेवर हवा, आणि केबलचं टोक इंजिनापासून लांब हवं. किंचाळणाऱ्या इंजिनाजवळ कोणी जाऊ नये. रात्री वीज गेल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या सेटला हा प्रकार माझ्या मते निरुपयोगी. तिथे पॅनलला जोडलेला इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह घ्या. १५०० आरपीएमच्या सेटला ट्रिप, म्हणजे व्हॉल्व्ह आपोआप बंद होण्याचा वेग, साधारण १६५० ते १७२५ च्या दरम्यान लावतात. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोत जाणाऱ्या टँकरसाठी तर चालकाच्या हातावर विसंबणाराच नको, स्वयंचलित हवा. त्यातही हवेच्या ओढीवर चालणारा घेतलात तर फिल्टर स्वच्छ ठेवा आणि सेटिंग तुमच्या इंजिनानुसार करून घ्या, नाहीतर तो विनाकारण मिटेल आणि इंजिन बंद पडेल.

व्हॉल्व्हच्या किमतीपेक्षा तो बसवण्याची जागा जास्त महत्त्वाची. टर्बो आणि इंटरकूलरच्या (ती हवा थंड करणाऱ्या भागाच्या) पुढे, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीच्या) जितकं जवळ तितकं बरं. टर्बोच्या अलीकडे बसवला तर गळणारं ऑइल व्हॉल्व्हच्या पुढेच इंजिनात पोचतं आणि सैल होजमधून हवाही आत येते. व्हॉल्व्हच्या पुढे ब्रीदरची नळी जोडलेली असेल तर ती वाट उघडीच राहते. व्ही-इंजिनाला हवेच्या दोन वाटा असतील तर व्हॉल्व्हही दोन लागतात. कोटेशनमध्ये एकच दिसला तर विचारा. चाचणी लोड काढून, कमी आरपीएमवर घ्यावी.

शेतातल्या जुन्या पंप इंजिनाला एवढं काही नको, डीकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून इंजिन थांबवणारा दांडा) चालू स्थितीत असला की बहुतेकदा भागतं. व्हॉल्व्ह नसेल तिथे इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडात) सोडायला सीओटूचं (कार्बन डायऑक्साइडचं) आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवा. पावडरचं नको, पाणी तर नकोच, आणि इनटेकवर हात मुळीच नाही.