कम्युनिटी बॅगचा तयार सेट: काय घ्यावं, काय दुकानातच सोडावं

एएनएम-जीएनएम या नर्सिंग कोर्सचं पहिलं वर्ष सुरू झालं की कम्युनिटी बॅगेच्या, म्हणजे गावात घरभेटीला न्यायच्या तपासणीच्या बॅगेच्या, सामानाची यादी हातात पडते आणि पोरी वर्धा, यवतमाळ नाहीतर नागपूरच्या सर्जिकल दुकानांत जातात. दुकानदार यादी बघतही नाही. फळीवरून काळी रेक्झिनची बॅग काढतो, "पूर्ण सेट आहे, कॉलेजात चालतो" म्हणतो आणि विषय संपतो. कॉलेजात टेबलावर मांडून दाखवायला तो चालतोच. पण छपरीत बाजेवर बसलेल्या गरोदर बाईसमोर उघडायचा असेल, तर पैसे देण्याआधी एकेक वस्तू तपासून घ्यावी लागते.

आधी बॅगच. बॅग टेक्निकचा जीव एवढ्यातच आहे: बॅगेचं आतलं स्वच्छ, बाहेरचं अस्वच्छ, आणि आत हात घालायचा तो धुऊनच. म्हणून साबण, टॉवेल, नखांचा ब्रश आणि खाली अंथरायचं वर्तमानपत्र बाहेरच्या कप्प्यात राहतं. तयार सेटमधल्या बऱ्याच बॅगांचा हा कप्पा इतका चपटा शिवलेला असतो की साबणदाणी त्यात जातच नाही. मग साबण आत जातो, तो काढायला न धुतलेला हात आत जातो आणि परतताना ओला टॉवेल गॉज-कापसाला चिकटून बसतो. चूक शिवणाऱ्याची, प्रॅक्टिकलचे मार्क जातात पोरीचे. दुकानात जाताना साबणदाणी सोबत न्या आणि कप्प्यात घालून बघा. तळ दाबूनही बघा. आत पुठ्ठा असेल तर पहिल्याच धुण्यात फुगतो, प्लास्टिकची पट्टी टिकते. अस्तर फिकट रंगाचं आणि काढून धुता येणारं हवं.

सेटमध्ये हँडरबची (पाण्याशिवाय हात चोळून साफ करायच्या द्रवाची) बाटली क्वचितच असते, ती वेगळी घ्या. हातावर घाण दिसत नसेल तर २० ते ३० सेकंद रब पुरतो. माती, रक्त, शेण लागलं असेल तर साबणपाणीच, ४० ते ६० सेकंद. उन्हाळ्यात जिथं पाणी डोक्यावरून येतं, तिथं घरच्यांना एका लोट्याची धार धरायला सांगितली तरी काम होतं. बादलीत हात बुडवायचा नाही.

आता बीपीचं यंत्र. सेटची निम्मी किंमत इथं असते आणि फसगतही इथंच. पाऱ्याचं यंत्र आता मागू नका. फुटलं तर पारा शेणानं सारवलेल्या जमिनीतून गोळा करता येत नाही. सेटमध्ये घड्याळाच्या तबकडीचं ॲनेरॉइड येतं, ते ठीक आहे. तबकडी हातात घेऊन हवा पूर्ण सोडा. काटा शून्याच्या चौकटीत नसेल तर ते यंत्र परत द्या, "हलवलं की बसतो" हे ऐकू नका. मग पट्टा एखाद्या बाटलीभोवती गुंडाळा, २०० पर्यंत फुगवा, व्हॉल्व्ह बंद करून एक मिनिट थांबा. काटा ४ पेक्षा जास्त उतरला तर कुठंतरी हवा गळते आहे. बहुतेक वेळा दोष व्हॉल्व्हचा असतो आणि तो बदलून मिळतो.

एवढं करूनही खरी अडचण उरते ती पट्ट्याच्या मापाची. सेटमधला पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडाचा. वावरात राबणाऱ्या कितीतरी बायांचा दंड २०-२१ भरतो. पट्ट्याच्या आतल्या रबरी फुग्याची लांबी दंडघेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. पट्टा मोठा पडला की बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. सात महिन्यांच्या गरोदर बाईचं खरं बीपी १४०/९० च्या वर असताना कागदावर १३० येतं, तिला "सगळं ठीक आहे" सांगितलं जातं आणि प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणातला वाढत्या बीपीचा धोकादायक आजार) तिथंच निसटतो. नर्सिंग प्रोसेसची पहिली पायरी असेसमेंट. तीच चुकली तर खालचं डायग्नोसिस, प्लॅनिंग, सगळं चुकीच्या आकड्यावर उभं राहतं. म्हणून १७ ते २२ सेंमीचा छोटा पट्टा वेगळा विकत घ्या, त्याची जोडणी त्याच नळीला बसते का ते बघूनच. यादीत नसला तरी सेटमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा तो जास्त कामाचा आहे. दंड आधी इंचपट्टीनं मोजा. गरोदर बाईचा घेर २३ सेंमीच्या खाली असेल तर ती कुपोषणाचीही खूण, म्हणजे एका मोजमापात दोन कामं.

बाईला पाच मिनिटं बसू द्या, पाय जमिनीला टेकलेले, दंड हृदयाच्या पातळीवर. बाजेवर पाठीला टेका नसतो, तेव्हा भिंतीशी बसवा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या वर दोन-अडीच सेंमी. मनगटाची नाडी लागेनाशी होईल तिथून २०-३० वर फुगवायचं आणि सेकंदाला २-३ च्या वेगानं उतरवायचं. तबकडीवरच्या रेघा दोन-दोनच्या असतात. म्हणून रजिस्टरमध्ये १२३/७७ दिसलं की सिस्टर लगेच ओळखतात, हा आकडा तबकडीनं दिलेला नाही. आणि ओळीनं सगळ्यांचं १२०/८० लिहिलेलं असलं की पट्टा कुणाच्या दंडाला लागलाच नाही, हेही. सत्य बोलणं, इजा न करणं ही नर्सिंगची तत्त्वं परीक्षेत पाठ म्हणून दाखवतात. त्यांची कसोटी या रकान्यात लागते.

स्टेथोस्कोप सेटमधला नको. नळी पातळ असते, कानातले तुकडे कडक असतात आणि बाजूला मळणीयंत्र चालू असलं की काही ऐकू येत नाही. मध्यम दराचा दोन बाजूंचा वेगळा घ्या. कानात घालताना टोकं नाकाच्या दिशेला वळलेली हवीत.

थर्मामीटर डिजिटलच असतो, चांगला. फक्त मे महिन्यात ४५ अंशांत गाडीच्या डिकीत ठेवलेला असला की काढल्याबरोबर आकड्याऐवजी ‘एच’ दाखवतो. बिघडलेला नसतो, तापलेला असतो. सावलीत थंड होऊ द्या. काखेतला घाम टिपून मगच लावा, ओल्या काखेत ताप कमी दिसतो.

लघवीच्या तपासणीचं सामान मात्र दुकानातच सोडलं तरी चालेल. ॲसिटिक ॲसिडच्या बाटलीचं झाकण गळतं आणि स्पिरिटचा दिवा तर वेचणीच्या दिवसांत, अर्ध्या खोलीत कापूस भरलेला असताना, पेटवायचा विचारही करू नका. लघवी उकळून त्यातलं अल्ब्युमिन (प्रथिन) बघायची पद्धत प्रॅक्टिकलला लागते, ती लॅबमध्ये शिका: नळीतली वरची लघवी तापवायची, गढूळ झाली तर ॲसिटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायचे, गढूळपणा गेला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन. गावात लघवीत बुडवून रंग बघायची स्ट्रिप न्या. डबीचं झाकण लगेच लावा आणि रंग डबीवर छापलेल्या वेळेलाच वाचा. रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचा साहलीचा हिमोग्लोबिनोमीटरही तसाच. काचेचा रंग डोळ्यानं जुळवायचा म्हणजे उजेड बदलला की आकडा बदलतो. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, मग एका ग्रॅमची चूक रेफर करण्याचा निर्णय फिरवते.

बाळाच्या वजनाचा स्प्रिंगकाटा घेताना झोळी अडकवून शून्य करता येतो का ते बघा आणि एक किलो मिठाची पुडी लटकवून खात्री करा. १०० ग्रॅमच्या रेघांचा असेल तर २४०० आणि २५०० मध्ये एकाच रेघेचा फरक असतो, आणि कमी वजनाचं बाळ ठरतं ते तिथंच.

सेटमध्ये कधीच नसते ती साधी सुती चादर. एका खोलीच्या घरात पोट तपासायचं तर दारात शेजारणी उभ्या असतात. आधी बाईला विचारा, मग चादर आडवी धरायला सासूला किंवा आशाताईंना सांगा.

सीनियरकडून जुना सेट मिळत असेल तर बॅग आणि वजनाचा काटा बिनधास्त घ्या. बीपीची रबरी नळी बोटांत दुमडून बघा. भेगा दिसल्या किंवा चिकट लागली तर पट्टा-नळी नवीन, तबकडी मात्र शून्यावर असेल तर तीच चालेल.