शाराकूचं चित्र 'मूळ ठशांचं' म्हणून विकतात, सावध राहा

टोकियोत काबुकी, म्हणजे जपानचं पारंपरिक नाटक, पाहून आलं की नटांची जुनी, कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं घ्यावीशी वाटतातच. घेणार असाल तर आधी हे वाचा.

मला विकलं ते शाराकू या जुन्या जपानी चित्रकाराचं गाजलेलं चित्र. 1794 साली रंगलेल्या नाटकातला, पैसे लुटायला आलेला एदोबेइ. ती भूमिका करणारा नट ओतानी ओनिजी (या नावाचा तिसरा), छातीपाशी पंजे फाकलेले. विक्रेता म्हणाला, "ठसे मूळचेच, छपाई तेवढी नंतरची, म्हणून स्वस्त." दीड लाख येन घेतले. थाप बेतशीर होती, कारण चांगल्या स्थितीतली मूळ प्रत लिलावात कोट्यवधी येनला जाते आणि जुन्याच ठशांवरून मागाहून प्रती काढण्याची रीत खरोखर होती. भिंगातून पाहिलं तर ऑफसेटचे, म्हणजे यंत्रावरच्या छपाईचे, ठिपके नव्हते. सही, तपासनिसाचा 'किवामे' शिक्का, प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची खूण, सगळं जागच्या जागी.

पण नवे ठसे कोरताना सही-शिक्केही कोरले जातात! टोकियोत आजही कारागीर चेरीच्या लाकडावर असे ठसे कोरतात, हाताने घासून छापतात. फार सुंदर काम असतं ते, आणि नवी प्रत म्हणून उघडपणे दहा-वीस हजार येनला मिळतं. त्यावर आजच्या प्रकाशकाचं नाव समासात किंवा मागे असतं. माझ्या चित्राचा समास कापलेला होता आणि पाठ पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेली. मुद्दाम, दुसरं काय?

जिंबोचो या टोकियोतल्या जुन्या पुस्तकांच्या भागातल्या एका जाणकार दुकानदारांनी ते हातात घेताच मान हलवली. वापरून झिजलेल्या ठशाची रेघ जाडावते, मध्येच तुटते. इथे कानशिलावरचे केस सुरीसारखे धारदार. मग त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रतीचा फोटो शेजारी ठेवला. ठसा एकच असेल तर रेघेचं वळण दोन्हीकडे तेच हवं. बाहीच्या घड्या सरळसरळ वेगळ्या निघाल्या. संग्रहालयांचे असे फोटो इंटरनेटवर फुकट आहेत. पैसे देण्याआधी ताडून बघा.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर फक्त 'शाराकू, लाकडी ठशांची छपाई' एवढंच होतं, मूळ ठशांचा उल्लेख नाही. त्यामुळे ठसे कधी कोरले आणि छपाई कधी झाली, हे दोन्ही पावतीवर लिहून घ्या. चित्र चौकटीतून काढून कागदाची पाठ दाखवायला सांगा. कां-कूं झाली तर तिथून निघा. त्याच विक्रेत्याकडे आता तोयोकुनी या दुसऱ्या जुन्या चित्रकाराचे नट लागलेत, तेही पुठ्ठ्याला चिकटवलेले.