पीएलसी-स्काडा नऊ महिने वापरून झालं, आमचा अनुभव

कुंडईला आमचं छोटं केमिकल युनिट आहे. जुनं रिले पॅनल काढून ऑक्टोबरात पीएलसी (पंप वगैरे चालवणारा कंट्रोलर) आणि स्काडा (ते सगळं स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, आता गोव्याचा पाऊसही बघून झाला म्हणून लिहितोय.

स्क्रीन भारी आहे, साहेब लोकांना दाखवायला तर मस्तच, पण आम्हाला वाचवलं ते एका साध्या फ्लोट स्विचने, म्हणजे टाकी भरली की तरंगून उचलला जाणारा स्विच. फेब्रुवारीत कॉस्टिकच्या टाकीची लेव्हल 62 टक्क्यांवर बसली ती हलेचना, पंप चालूच, ऑपरेटरला वाटलं सगळं ठीक. लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या नळीत गाळ बसलेला. टाकी काठोकाठ आली तेव्हा वरच्या त्या फ्लोट स्विचने पंप ट्रिप केला, म्हणजे बंद पाडला. तो स्विच पीएलसीतून नाही, थेट पंपाच्या स्टार्टरच्या कॉइलला जोडलाय, आणि हे मी भांडून करून घेतलेलं कारण व्हेंडर म्हणत होता सॉफ्टवेअरमध्येच टाकू की. इंग्लंडात बन्सफिल्डच्या तेल डेपोत 11 डिसेंबर 2005 ला असंच गेज अडकलं, पण तिथे वरचा स्विचही चालला नाही, पेट्रोल ओसंडलं आणि स्फोट. म्हणून दर महिन्याला आम्ही फ्लोट हाताने उचलून बघतो, पंप पडतो की नाही.

अलार्म हा मोठा वैताग. लाइट गेली की अख्खी स्क्रीन लाल, पोरं न वाचताच सायलेन्स दाबून मोकळी. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 1994 ला स्फोटाआधीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांवर 275 अलार्म आदळलेले. मग बसून एकेक अलार्म तपासला, हा वाजला तर करायचं काय? उत्तर नाही तो काढला.

जूनमध्ये जंक्शन बॉक्सात पाणी, टर्मिनलं हिरवीगार. ट्रान्समीटर लेव्हल 4 ते 20 मिलिअँप करंटने कळवतो, त्यात टाकी रिकामी म्हणजे 4 आणि वायर तुटली म्हणजे 0, त्यामुळे फॉल्ट लगेच कळतो, पण ओल आली की आकडा मधेच कुठेतरी तरंगतो आणि खराच वाटतो. केबल बॉक्सात खालूनच घ्या बाबांनो.

शिगम्याला माणसं कमी, कुणीतरी बॉयलरचा लो-वॉटर इंटरलॉक (पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारी सोय) बायपास केला आणि काढायला विसरला. दोन दिवस स्क्रीनवर त्याचा पत्ता नाही! आता बायपास असला की वर पिवळी पट्टी येते आणि आठ तासांनी तो आपोआप निघतो. एवढ्यासाठी व्हेंडरने वेगळे पैसे लावले, बिल अजून अकाउंट्सवाल्यांकडे अडकलंय.