सुई-दोऱ्याशिवाय बटणं: टिचबटणांची पक्कड वर्षभर वापरल्यावर

घरात कुणाच्या बोटांना काजातून बटण ओढणं जमत नसेल, तर टिचबटणं बसवायची पक्कड जरूर घ्या. वर्षातून एखादं तुटलेलं बटण लावायचं एवढंच काम असेल तर घेऊ नका, त्याला सुई-दोराच बरा. आमच्याकडे ही पक्कड आली त्याला वर्ष होत आलं. या काळात शर्ट, गाऊन, झबली, पँटी असं बरंच काही तिच्याखालून गेलं. कुठे बटण घट्ट बसतं आणि कुठे आठवड्यात हातात येतं, हे आता नीट कळलंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

पक्कड घेतली ती आमच्या अण्णांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. संधिवाताने त्यांची बोटं सकाळी ताठलेली असतात. जन्मभर पूर्ण बटणांचा शर्ट घातलेला माणूस. टी-शर्ट घाला म्हटलं तर ऐकत नाहीत, आणि डोक्यावरून चढवायचा कपडा खांद्यालाही झेपत नाही. रोज मुलासमोर उभं राहून बटणं लावून घेणं त्यांना फार लागायचं. तोंडाने कधी काही बोलले नाहीत, पण आंघोळीनंतर खोलीतून बाहेर यायला उशीर व्हायला लागला आणि आमच्या काय ते लक्षात आलं.

आधी चुंबकाच्या बटणांचा विचार केला होता. अमेरिकेत मॉरा हॉर्टन यांनी नवऱ्याला पार्किन्सन्स झाल्यावर चुंबकाने मिटणारे शर्ट काढले. बाहेरून नेहमीचं बटण दिसतं आणि आत चुंबक असतं. कल्पना मला फार आवडली. पण अण्णांना पेसमेकर आहे. चुंबक त्यापासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि शर्टाची वरची बटणं त्याहून जवळ येतात. त्यामुळे तो विषय तिथेच संपला. तुमच्याही घरी कुणाला पेसमेकर असेल तर चुंबकाच्या वाटेला जाऊ नका. वेल्क्रोही लावून पाहिला. त्यात मशीनमधले सगळे धागे-केस अडकतात आणि महिन्याभरात तो धरेनासा होतो.

राहिली टिचबटणं. संचात पक्कड, एक आरी, छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि रंगीत प्लास्टिकच्या टिचबटणांचा डबा असतो. मला सगळं मिळून हजाराच्या आत पडलं. एका जोडीत चार भाग असतात: दोन टोप्या, एक नर (उंचवट्याचा भाग), एक मादी (तो ज्यात बसतो तो खाचेचा भाग). टोपीच्या मधोमध टोकदार काटा असतो. आरीने भोक पाडून तो काटा कापडातून आरपार काढायचा, दुसऱ्या बाजूने त्यावर नर किंवा मादी ठेवायची आणि पकडीने दाबायचं. काट्याचं टोक चपटं होऊन आतल्या आत पसरतं आणि कापड दोन भागांमध्ये आवळलं जातं. सगळी पकड त्या चपट्या टोकावर असते, म्हणून ते कसं बसलंय हे दर वेळी तपासावं लागतं. मी टोपी बोटांनी फिरवून बघते, ती जागची हलता कामा नये. मग मादीच्या आत बघते. चपटं झालेलं टोक गोल आणि मधोमध दिसलं पाहिजे. एका अंगाला कललेलं असेल तर ते बटण आज ना उद्या निघणारच. एकदा दाबून झाल्यावर कापड अर्धं फिरवून पुन्हा दाबलं की टोक बहुतेक वेळा सरळ बसतं.

हे सगळं पक्कड सरळ असेल तर. मी ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या पकडीचा वरचा दट्ट्या आणि खालची खाच एका रेषेत नव्हती. पेच आवळून पाहिले, तरी प्रत्येक काटा वाकडाच व्हायचा. विक्रेत्याने बदलून द्यायला इतके दिवस लावले की मी नाद सोडला आणि रविवार पेठेतल्या शिलाईच्या सामानाच्या दुकानातून दुसरी आणली. तिथे हातात घेऊन कापडाच्या चिंधीवर एक बटण बसवून पाहिलं, मगच पैसे दिले. माझ्या मते ही वस्तू दुकानातूनच घ्यावी.

मापाचं म्हणाल तर टी-५ घ्या. त्याची टोपी सुमारे १२ मिलिमीटरची असते. शर्टाचं नेहमीचं बटण १८ लाईनचं (लाईन हे बटणांचं माप), म्हणजे ११.४ मिलिमीटरचं. त्यामुळे कापडाच्या रंगाला जुळणारी टोपी लावली की समोरच्याला ते साधं बटणच वाटतं. टी-३ त्याहून लहान येतं, ते नाजूक कपड्यांना ठीक.

आता कापडाबद्दल, कारण बटण टिकतं की नाही हे शेवटी कापडावर ठरतं. शिवलेलं बटण दोऱ्याच्या कितीतरी फेऱ्यांनी धरलेलं असतं, ओढ सगळीकडे वाटली जाते. टिचबटण एकाच भोकाला लटकलेलं असतं आणि दर वेळी उघडताना त्याच भोकाच्या कडा ताणल्या जातात. नव्या, घट्ट विणीच्या कापडाची दुहेरी पट्टी असेल तर काही होत नाही. पण अण्णांचे जुने, धुऊन धुऊन विरलेले पॉपलिनचे शर्ट होते, त्यांत पंधरा दिवसांत भोकं मोठी झाली आणि टोपी काट्यासकट बाहेर आली. मलमलीचीही तीच गत. त्यावर उपाय म्हणजे चिकटवायचं बकरम, म्हणजे कॉलर-पट्टीत घालतात ते कडक अस्तर. त्याची नाण्याएवढी चकती कापून पट्टीच्या आतल्या बाजूला इस्त्रीने चिकटवायची, गार होऊ द्यायची आणि मग भोक पाडायचं. चकती लावलेली बटणं आजही जागच्या जागी आहेत. होजिअरीच्या कापडावर मात्र बकरम लावूनही मला भरवसा वाटत नाही, कारण भोक पाडताना एक टाका तुटला की वीण उसवत जाते.

जुन्या शर्टांत आणखी एक अडचण येते. बटण कापून काढता येतं, पण समोरचं काज तसंच राहतं. काजावरच टोपी लावायला गेलात तर काटा फटीतून निसटतो. म्हणून दोन काजांच्या मधल्या जागेत टिचबटण बसवते. रिकामी काजं जवळून दिसतात. घरातल्या शर्टांना त्याने काही बिघडत नाही, बाहेर जायच्या शर्टांना ते बरं दिसत नाही.

म्हणून दिवाळीला नवे शर्ट शिवले तेव्हा शिंपीकाकांना सांगितलं की काजं करू नका, बटणं लावू नका, पट्टीत बकरम घालून तेवढी नीट करून द्या. ते म्हणाले, "ताई, मग खालची पट्टीपण दुहेरीच ठेवतो. एक बाजू जाड आणि एक पातळ राहिली की सगळी ओढ पातळीवर येते." हे मला सुचलं नव्हतं. ते शर्ट आठवड्यातून दोनदा मशीनमध्ये जातात, अजून एकही बटण ढिलं नाही.

अण्णांनी सुरुवातीला कुरकुर केली. टिचबटणं म्हणजे बायकांच्या ब्लाउजची, असं त्यांच्या डोक्यात. त्यांना सांगितलं की जर्मनीत हेरिबर्ट बाउअर यांनी १८८५ मध्ये टिचबटणाचं पेटंट घेतलं ते पुरुषांच्या पँटीसाठी. मग काऊबॉयांच्या शर्टांचे फोटो दाखवले. डेन्व्हरमध्ये जॅक वाइल यांनी १९४६ मध्ये काढलेल्या रॉकमाउंट कंपनीचे शर्ट टिचबटणांसाठीच ओळखले जातात. शर्ट खोगिरात किंवा जनावराच्या शिंगात अडकला तर फाटण्याऐवजी बटणं सुटतात, असा त्यामागचा विचार. मग त्यांना स्वतःलाच आठवलं की त्यांच्या वडिलांच्या झब्ब्याची चांदीची बटणं साखळीत ओवलेली असायची आणि धुवायच्या आधी ती काढून डबीत ठेवायची. आपल्याकडे बिनशिवलेलं बटण नवं नाहीच. डॉक्टरांच्या ॲप्रनला मागून कडी अडकवून लावायची बटणं असतात, तीही धुताना काढायचीच.

वापरायला कसं आहे? उघडायला अगदी सोपं. पट्टी धरून ओढली की वरपासून खालपर्यंत शर्ट मोकळा. पण ओढायला लागल्यावर कापडाला जोर बसतो, म्हणून अण्णांना बटणाच्या अगदी लगत धरायची सवय लावली. मिटवायला मात्र जोर लागतो, आणि याबद्दल जाहिरातींत कुणी लिहीत नाही. छातीवरची बटणं ते तळहाताच्या टाचेने दाबतात, मागे बरगड्यांचा आधार असतो, टक् आवाज येतो आणि काम होतं. पोटावर आधार नसतो. तिथे अंगठा आत घालून बाहेरून बोटाने दाबावं लागतं, आणि दुखऱ्या बोटांना नेमकं तेच अवघड. दोन गोष्टींनी फरक पडला. एक, नवी बटणं फार कडक असतात, म्हणून शर्ट त्यांना द्यायच्या आधी टीव्ही बघताबघता मी प्रत्येक बटण भरपूर वेळा उघडमीट करते. दुसरी, सगळ्यात खालचं बटण लावलंच नाही, शर्ट खोचला की ते कुणाला दिसतंय? आता सकाळी हाक मारली तर आतून उत्तर येतं, "तुम्ही चहा घ्या गं, मी आलोच." हे ऐकायला इतकं बरं वाटतं की बाकीची सगळी खटपट विसरायला होते.

नणंदेच्या बाळाच्या झबल्यांसाठी धातूची, दात्यांच्या कडीची टिचबटणं आणली. कडीला पाच दाते असतात, ते कापडातून जाऊन आत वळतात, वेगळं भोक पाडावं लागत नाही. त्यामुळे होजिअरीला हीच बरी. घेताना चुंबक धरून बघा. पितळ चिकटत नाही, लोखंड चिकटतं आणि पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस दमट राहिले की त्याचे तांबूस डाग पडतात. आणि बाळाच्या कपड्याचं प्रत्येक बटण दर धुण्यानंतर ओढून बघा. ढिलं वाटलं तर कपडा लगेच बाजूला काढा, एवढी लहान वस्तू तोंडात जायला क्षण लागत नाही.

जीन्सचं बटण ठोकून बसवायचं असतं, खाली खिळा, वर टोपी आणि हातोडा. जाड पट्टीवर ते उत्तम बसतं, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. पिनेवर अडकवायचं बिनहातोड्याचं बटणही मिळतं. प्रवासात पँटचं बटण तुटलं तर वेळ निभावते, रोज घालायला नको. बसल्यावर ते वाकडं होतं आणि पोटाला टोचतं.

साडीच्या ब्लाउजला मी पकडीची टिचबटणं लावणार नाही. तिथे कापड अंगाशी ताणलेलं असतं आणि श्वास घेतला तरी टिचबटण सुटेल. हूकच हवेत.

इस्त्रीची काळजी घ्या. ही बटणं ॲसिटाल प्लास्टिकची असतात, ते १६५ ते १७५ अंशांच्या आसपास वितळतं, आणि सुती कपड्यांसाठी इस्त्री त्याहून गरम ठेवतात. आमच्या इस्त्रीवाल्यांना सांगून ठेवलंय की पट्टीवर थेट इस्त्री फिरवायची नाही, बटणांच्या मधूनच न्यायची.

चुकीच्या जागी बसलेलं बटण ओढून काढू नका, कापड फाटेल. वायर कापायच्या कटरने मादी किंवा नर दोन्ही कडांनी चेपला की काट्यावरून सुटतो. भोक राहतंच, त्यावर बकरम लावून तिथेच नवं बटण बसवता येतं. आणि पांढऱ्या जोड्या जास्तीच्या घेऊन ठेवा, त्याही त्याच कंपनीच्या. एका कंपनीचा नर दुसरीच्या मादीत एक तर बसत नाही, नाहीतर बसला की निघत नाही.