तुळजापूरला बाईकवर: साठ की ऐंशी?

भाच्यानं नवी बाईक घेतली आणि विचारलं, "मामा, तुळजापूरला साठनं जाऊ की ऐंशीनं?"

सोलापूरपासून साधारण ४५ किलोमीटर. साठनं पाऊण तास, ऐंशीनं ३४ मिनिटं. वाचतात अकराच.

खरा फरक ब्रेकचा. वेग एक तृतीयांशानं वाढतो, पण ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला पावणेदोनपट अंतर लागतं. उसाच्या हंगामात अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली एकदा समोर आली. साठवर होतो म्हणून हातभर आधी थांबलो. अजून अंगावर काटा येतो.

शिवाय शंभर सीसीची गाडी ऐंशीला थरथरते, हाताला मुंग्या येतात. दीडशे सीसीच्या गाडीला तेवढं जाणवत नाही.

रात्री, किंवा मागं आई बसली असेल तर साठच. दिवसा, एकटा, दीडशे सीसी, डोक्यावर हेल्मेट, चौपदरी रस्ता मोकळा, तर ऐंशी चालेल. दुचाकीला तिथं मर्यादाही तेवढीच आहे.